गल्लीचा फोटो कुणासाठी?

मंडळी, पडद्यावरचा फोटो आधी नीट पाहून घ्या. हट्ट्यातली एक गल्ली आहे. सिमेंटचा रस्ता, मधोमध थोडा खचलेला. डावीकडे गिलावा न केलेली विटांची भिंत, उजवीकडे हिरवा रंग दिलेलं लोखंडी दार, दाराशी पाण्याची निळी टाकी. एक मोटारसायकल, ऊन लागू नये म्हणून सीटवर पोतं टाकलेलं. माणूस एकही नाही. वेळ दुपारची असावी, कारण सावल्या भिंतीला चिकटून बसल्यात. बस, एवढंच.

हा फोटो कुणी प्रदर्शनात लावणार नाही. ज्यांनी काढला त्यांनीसुद्धा पाठवताना लिहिलं होतं, 'सर, यात विशेष काही नाही, पण तुम्ही मागितला म्हणून.' आज आम्हाला या 'विशेष काही नाही'बद्दलच बोलायचं आहे.

झालं असं, की या व्याख्यानासाठी आम्ही हट्ट्यातल्या आणि हट्ट्यातून पुण्या-संभाजीनगरला गेलेल्या ओळखीच्या मंडळींना निरोप धाडला. गावातल्या रोजच्या रस्त्यांचे, चौकांचे, खुणेच्या जागांचे फोटो पाठवा. चांगले नकोत, असतील ते पाठवा. आमची समजूत अशी, की हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा फोटोंचा ढीग पडेल. ढीग पडला, हे खरं. पण त्यातले रस्त्याचे म्हणावेत असे फोटो फारच थोडे निघाले. बाकीच्यांत रस्ता होता, पण मागे कुठेतरी. पुढे वाढदिवस, नवा ट्रॅक्टर, शाळेत निघालेली मुलगी, नाहीतर पाहुणे.

हट्टा हे वसमत तालुक्यातलं, रस्त्यावरचं गाव. परभणीहून औंढ्याला जाताना झिरो फाट्याहून वळलं की लागतं. बाहेरच्या बहुतेकांनी ते बसच्या किंवा गाडीच्या खिडकीतूनच पाहिलंय, कारण त्यांना औंढा नागनाथला जायचं असतं. कॅमेरा पिशवीतून बाहेर येतो तो औंढ्याला पोचल्यावर. यात कुणाचा दोष नाही. आपल्याकडे कॅमेऱ्याला पहिल्यापासून तेच वळण लागलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. 1905 साली ते गेले. त्यांनी राजवाडे टिपले, शिकारी टिपल्या, वेरूळसारखी लेणी टिपली. पुढं हैदराबादच्या पुरातत्त्व खात्यानं गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली अजिंठ्याचे मोठमोठे ग्रंथ छापले. फार थोर काम आहे ते, आम्ही विद्यार्थी असताना ग्रंथालयात त्यांची पानं उलटताना हात धुऊन बसत असू. पण कॅमेऱ्यासमोर काय उभं राहायच्या लायकीचं आहे, हे तेव्हा ठरलं ते ठरलंच. आज वालूरच्या बारवेचे ड्रोननं वरून काढलेले फोटो आपण सगळे एकमेकांना पाठवतो. सुंदरच दिसते ती. मात्र त्या बारवेपर्यंत ज्या गल्लीतून चालत जावं लागतं, ती गल्ली कुणी पाठवलेली आम्हाला आठवत नाही.

आणि गावातल्या माणसालाही आपली गल्ली फोटोत नको होती, हेही सांगितलं पाहिजे. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत जे पडदे असायचे ते आठवा. धबधबा, ताजमहाल, गुलाबाचा ताटवा, जिना असलेला बंगला. लग्न ठरायच्या मुलीला त्या जिन्याजवळ उभं करायचे. आपल्या दारासमोरची गटार मागे दिसावी असं कुणाला वाटेल? बाहेरचा कॅमेरा देवळाकडं वळला आणि आतल्या माणसानं पडदा ओढून घेतला. गल्ली दोन्हीकडून सुटली.

याच्या नेमका उलटा माणूस पॅरिसमध्ये होऊन गेला. ओजेन आत्जे. जन्म 1857, मृत्यू 1927. हा गृहस्थ आधी नट होता, ते जमलं नाही, मग खांद्यावर जड कॅमेरा घेऊन तीस वर्षं जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, दारांच्या कड्या, जिने, अंगणं टिपत फिरला. हजारो फोटो. स्वतःला कलावंत म्हणवत नसे. चित्रकारांना लागणारे दस्तऐवज आपण पुरवतो, असं म्हणायचा. ग्रंथालयं आणि संग्रहालयं ते विकत घ्यायची. वाल्टर बेंजामिननं 1930 च्या दशकात त्याच्याविषयी लिहिताना एक निरीक्षण नोंदवलं, जे पुढे फार गाजलं: आत्जेच्या रिकाम्या रस्त्यांकडं पाहताना गुन्ह्याची जागा पाहिल्यासारखं वाटतं. म्हणजे पुरावा म्हणून काढलेला फोटो.

बेंजामिनचं हे वाक्य आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं. शिकवताना आम्हाला ते एक सुंदर रूपक वाटायचं. हट्ट्याचे फोटो चाळताना लक्षात आलं, की आपल्याकडं ते रूपक राहिलेलंच नाही. या ढिगातले रस्त्याचे जे खरेखुरे फोटो होते, त्यांतले निम्म्याहून अधिक अगदी शब्दशः पुराव्याचे फोटो निघाले. पुढचा फोटो घ्या.

हा बघा. एक गृहस्थ घरासमोर उभे आहेत. हात दोन्ही बाजूंना सरळ, कवायतीत उभे राहावं तसे. मागे अर्धवट बांधलेली भिंत. खाली काळ्या पट्टीत अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. चेहरा आम्ही झाकलाय. हा घरकुलाचा फोटो. प्रधानमंत्री आवास योजना 2016 पासून ग्रामीण भागात आली, तिच्यात घराच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या खुणेसकट चढवावा लागतो. तो चढला की पुढचा हप्ता. रोजगार हमीच्या कामांचंही तसंच: काम सुरू होण्याआधीचा एक, चालू असतानाचा एक, झाल्यावरचा एक. 2023 च्या जानेवारीपासून तर मजुरांची हजेरीसुद्धा दिवसातून दोनदा फोटोनं घेणं सक्तीचं झालं. ज्या गावाचा रस्ता टिपायला शंभर वर्षांत कुणी आलं नाही, त्याचे फोटो आता अधिकृतपणे आणि नियमानं निघतायत.

समीक्षक म्हणून आम्ही या फोटोंना नाक मुरडणार नाही. त्यांचा एक मोठा गुण आहे: ते गल्लीला सुंदर करायला जात नाहीत. फ्रेम वाकडी असते, अर्धी बादली कडेला कापली जाते, कुत्रं मध्ये येतं, तरी कुणी दुसरा काढत बसत नाही. त्यामुळं मराठवाड्यातलं घर आज कसं आहे, हे पाहायचं तर कॅलेंडरांपेक्षा हेच फोटो खरे. जुनं माळवदाचं घर, शेजारी नव्या स्लॅबच्या उभ्या सळया, त्या सळयांवर वाळत टाकलेलं लुगडं. यातलं काहीही मांडून ठेवलेलं नाही.

दोष वेगळा आहे. हे फोटो ज्याच्यासाठी काढले तो त्यांच्याकडं पाहतच नाही. तो तपासतो. भिंत सज्ज्यापर्यंत आली का, माणूस तोच आहे का, जागा तीच आहे का. तपासून झालं की फोटो संपला. आणि समोरच्या माणसालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो तसा उभा राहतो. हे उभं राहणं जरा बघा. स्टुडिओत तो ऐटीत उभा राहायचा. इथं स्वतःच्या घरासमोर तो परक्याच्या घरासमोर उभा राहिल्यासारखा दिसतो.

त्याहून वरचा एक कॅमेरा आहे, अक्षरशः वरचा. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणातल्या घरांना शेतासारखा सातबारा नसतो, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराचा नीट कागद नाही, ही खरी अडचण. त्यासाठी गावोगाव ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी. ड्रोन येण्याआधी घराच्या हद्दीवर चुना टाकायचा, म्हणजे वरून रेष दिसते. त्या मोजणीतून जे चित्र निघतं त्यात अख्खं गाव दिसतं: छपरं, पत्रे, अंगणं, गल्ल्यांच्या करड्या पट्ट्या. आपल्या गावाचं इतकं पूर्ण चित्र याआधी कुणी काढलं नव्हतं. पण त्यात दार दिसत नाही, आणि गल्ली म्हणजे दारं. कोण कुणाच्या समोर राहतं, कुणाचं दार कुणाकडं तोंड करत नाही, हे वरून कसं कळणार? चुन्याची रेष मात्र दिसते. ज्यांच्या अंगणाचा वाद वीस वर्षं चाललाय त्यांना ती फार चांगली दिसते.

गुगलनं रस्त्यावरून दिसणारी चित्रं भारतात 2022 च्या जुलैत सुरू केली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. मराठवाड्याचं नाव त्यात नव्हतं. आम्हाला त्याचं फार दुःख नाही. आलं असतं तरी तो आणखी एक न पाहणारा कॅमेरा.

मग पाहणारा कोण? इथं थोडं आमच्या विषयाकडं वळतो, कंटाळू नका, थोडक्यात सांगतो.

आपल्या दर्शनांमध्ये अभावावर फार मोठा वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच कळतं. रिकामी जमीन दिसते तसा घड्याचा अभावही दिसतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, नाही, न दिसणं हेच एक स्वतंत्र प्रमाण आहे, अनुपलब्धी. वाद सोडून द्या, पण दोघांना मान्य असलेली एक गोष्ट आहे. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी, म्हणजे तो घडा, मनात असल्याशिवाय त्याचा अभाव कळत नाही. ज्यानं घडा कधी पाहिलाच नाही त्याला रिकाम्या जमिनीवर फक्त जमीन दिसेल.

आता पहिला फोटो परत लावा. हीच ती विशेष काही नसलेली गल्ली. आम्ही हा फोटो हट्ट्यात वाढलेल्या आणि आता पुण्यात राहणाऱ्या एका बाईंना दाखवला. त्या एकदम म्हणाल्या, 'अगं बाई, लिंब तोडला का?' आम्ही पुन्हा पाहिलं. लिंब कुठंच नाही. अर्थात, तोडल्यावर कसा असेल? पण त्यांना तो विटांच्या भिंतीच्या पुढं, मोटारसायकल उभी आहे तिथं, स्वच्छ दिसत होता. रस्ता मधोमध खचलाय तो मुळी कुजल्यामुळं, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही ते खचणं ठेकेदाराच्या नावावर जमा करून बसलो होतो.

तर रोजच्या गल्लीचा फोटो असा असतो. त्यात जे आहे ते कुणालाही दिसतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. जे नाही ते मोजक्या लोकांना दिसतं. रोलां बार्त यांनी 1980 साली छायाचित्रावर जे पुस्तक लिहिलं, ते सगळं त्यांच्या आईच्या लहानपणच्या एका फोटोभोवती फिरतं, आणि पुस्तकात बाकीचे फोटो छापले तरी तो एक त्यांनी छापला नाही. वाचकाला त्यात एक साधी मुलगी दिसली असती, दुसरं काही नाही. आम्हाला पूर्वी यात थोडा फ्रेंच नखरा वाटायचा. लिंबाच्या प्रसंगानंतर वाटत नाही.

खुणांच्या जागांचंही असंच आहे. खूण म्हणून लोकांनी पाठवलं काय, तर फाट्यावरची कमान, मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, शाळेचं गेट. पण हट्ट्यात नवा माणूस पत्ता विचारायला लागला तर त्याला काय सांगतात? 'ते पत्र्याचं हॉटेल हाय ना, त्याच्या अलीकडून आत, डीपी लागंल, तिथून दुसरं दार.' डीपीचा फोटो एकानंही पाठवला नाही. ज्यानं रोज वाट सापडते ते फोटोच्या लायकीचं वाटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर खुणा आणखी बदलतात. वसमत भागाची हळद आता सगळ्यांना ठाऊक आहे. कुकरमध्ये शिजवलेली हळद मिळेल त्या मोकळ्या जागेत वाळत पडते, गच्चीवर, खळ्यावर, रस्त्याच्या कडेला, आणि तेवढे दिवस 'हळदीच्या पलीकडचं घर' हासुद्धा पत्ता होतो. असा एकच फोटो आला, चालत्या बसमधून काढलेला, हललेला. खाली पिवळा पट्टा, वर विजेच्या तारा, मध्ये कुणाची तरी पाठ. आमच्या मते या ढिगातल्या दोन उत्तम फोटोंपैकी हा एक. घाईत निघालाय आणि घाई त्यात राहिलीय.

दुसऱ्या उत्तम फोटोची हकीकत सांगायला आम्हाला थोडा संकोच वाटतो, कारण तीत आमचीच चूक आहे. व्याख्यानाच्या आठवडाभर आधी आम्ही स्लाइडी लावून एका तरुणाला पाहायला पाठवल्या. तोही हट्ट्याचाच, नांदेडला शिकतो. त्याचा फोन आला. 'सर, छान झालंय. पण आमची गल्ली कुठंय?'

आम्ही ढीग पुन्हा उपसला. त्याच्या वस्तीचे फोटो होते. सिमेंट रस्त्याआधी, रस्ता होताना, रस्ता झाल्यावर. नालीआधी, नालीनंतर. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, त्यात उद्घाटकांचे चेहरे. योजनेबाहेरचा, कुणी सहज काढलेला, असा एकही नव्हता. बाकी गल्ल्यांत वाढदिवसाच्या मागे का होईना रस्ता आला होता. इथं रस्ता फक्त निधीच्या मागे आला होता. आणि अभावावर अर्धा तास बोलायची तयारी करून बसलेल्या आम्हाला हा अभाव दिसला नव्हता, कारण तिथं काही असायला हवं ही अपेक्षाच मनात नव्हती. प्रतियोगीच नाही, तर अभाव कुठून दिसणार?

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. उत्तम निर्णय. पण पाटी बदलली म्हणून कॅमेऱ्याची वाट बदलत नाही. गावात फोटो काढत हिंडणारा माणूस वेशीपासून देवळापर्यंत येतो, देवळापासून बाजारापर्यंत जातो आणि एका ठरावीक वळणावर परत फिरतो. त्याला विचारलं तर सांगेल, 'तिकडं फोटो काढण्यासारखं काही नाही.' पुन्हा तेच विशेष काही नाही, पण पहिल्या वेळी ते स्वतःच्या गल्लीबद्दल नम्रतेनं म्हटलं होतं. दुसऱ्याच्या गल्लीबद्दल म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो.

त्या तरुणाला आम्ही म्हटलं, तूच पाठव. त्यानं आधी 14 एप्रिलचे पाठवले: निळे झेंडे, मिरवणूक, दिव्यांच्या माळा. जोरदार फोटो आहेत. मग दुसऱ्या दिवशी त्याचाच निरोप: 'सर, तुम्ही रोजचे मागितले होते ना. जयंती वर्षातून एकदा. हा घ्या.'

हा तो फोटो. संध्याकाळ आहे. निळ्या रंगाची भिंत, खालून ओल चढलेली. भिंतीला टेकून लहान मुलीची सायकल, तिच्या चाकाच्या तारांत रंगीत मणी. नळाला लावलेली पाइप चौकटीबाहेर गेलीय, पाणी चालू आहे का ते कळत नाही. उंबऱ्यात एक उघडी वही पालथी टाकलेली, अभ्यास अर्धा टाकून कुणीतरी उठलंय. रस्ता तोच, जो योजनेच्या तिसऱ्या फोटोत कोरा आणि चकचकीत होता. त्या 'झाल्यावरच्या' फोटोनंतर या रस्त्यावर काय काय झालं ते इथं दिसतं: शेणाचे डाग, खडूनं आखलेली ठिक्करबिल्ल्याची घरं, ती अर्धी पुसलेली.

फोटो तांत्रिकदृष्ट्या फारसा चांगला नाही. प्रकाश कमी आहे, डावा कोपरा काळा झालाय. तरी आम्ही तो आत्जेच्या शेजारी लावायला तयार आहोत, आणि एका बाबतीत त्याच्या पुढं. आत्जे गल्लीत बाहेरून आला होता, मोठ्या कष्टानं आला, पण बाहेरून. हा फोटो काढणारा घरी जाताना थांबलाय. पालथी वही कुणाची, हे त्याला ठाऊक आहे. आपल्याला ते ठाऊक नाही, आणि ते आपल्याला सांगायची फोटोला घाई नाही.

एक भीतीही बोलून दाखवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते, रांगेतली घरं. जुन्या गावांतली माणसं आजही बोलताना जुन्या गल्लीच्या खुणा सांगतात, आणि दाखवायला हातात काही नसतं. हिंगोली जिल्ह्यात 2024 च्या मार्चमध्ये आणि मग जुलैमध्ये जमीन हलली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडच्या लोकांना जमिनीतले आवाज नवे नाहीत. काही होऊ नये. पण लिंब जायला भूकंप लागत नाही, रस्ता रुंद करायचा म्हटलं तरी पुरतं.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की त्याची तारीख आणि जागा सहसा गळून पडते. सरकारी फोटोला अक्षांश-रेखांश असतात, गल्लीचं नाव नसतं. आपल्या फोटोला दोन्ही नसतं. आम्ही या ढिगावर बसून तीन दिवस हेच शोधत होतो, की कुठली गल्ली, कुठलं साल. तेव्हा फोटोखाली दोन ओळी लिहा. कुणाचं दार, कुठला महिना, आणि तिथं आधी काय होतं. तेवढं असलं तर पुण्यातल्या बाईंना जे दिसलं ते त्यांच्या नातवालाही वाचता येईल. कुणाच्या दाराचा काढत असाल तर त्यांना विचारून काढा, हे वेगळं सांगायला नको. नको म्हणाले तर नको.

त्या तरुणानं वहीच्या फोटोखाली ओळ लिहून पाठवलीय. त्याला विचारून वाचतो: 'बहीण पाणी बंद करायला गेली होती.' दिवे लावा आता, प्रश्न घेऊ.